वाए रेबो: ‘दीड तासाची सपाट वाट’ ही शुद्ध थाप आहे

‘दीड तास. वाट सपाट. म्हातारी माणसंसुद्धा जातात.’ इंडोनेशियातल्या वाए रेबो या डोंगरावरच्या गावाच्या वाटेबद्दल लाबुआन बाजो या बंदराच्या शहरातल्या एजंटाचे हे तीन दावे. पहिले दोन धादांत खोटे. तिसरा खरा, पण ती म्हातारी माणसं वाए रेबोचीच असतात, त्यांच्या खांद्यावर पोतं असतं आणि पायांत रबरी स्लिपर. आम्ही दोघं नवरा-बायको दर पंधरा दिवसांनी सह्याद्रीत पाय झिजवणारे. तरी वाए लोम्बाच्या ओढ्यापासून वर पोचायला आम्हाला तीन तास लागले.

आधी ठिकाण सांगतो. फ्लोरेस बेटाच्या पश्चिमेला मांगाराई लोकांचा डोंगराळ मुलूख आहे. त्यात सुमारे 1,100 मीटर उंचीवर हे गाव, म्हणजे गवताने शाकारलेली सात शंकूच्या आकाराची घरं. गाडीरस्ता नाही. सरकारी दप्तरी ते ‘देसा सातार लेंदा’मध्ये मोडतं. देसा म्हणजे गाव, आपल्या ‘देश’चाच भाऊ. सातारचा साताऱ्याशी काही संबंध नाही, पण बायको साताऱ्याची असल्याने तिने तो दिवसभर लावला.

लाबुआन बाजोहून रुतेंग शहर गाडीने चार तास. वाटेत चांचारला कोळ्याच्या जाळ्यासारखी आखलेली भातखाचरं दिसतात. छान आहेत, टेकडीवर चढून बघा, पुढे चला. रुतेंगला मुक्काम करा आणि रोख पैसे तिथेच काढा, पुढे एटीएम नाही. रुतेंग ते पायथ्याचं देंगे गाव तीन तास, शेवटचा रस्ता अरुंद आणि खड्ड्यांचा. देंगेहून पहिल्या थांब्यापर्यंत, म्हणजे वाए लोम्बापर्यंत, ‘ओजेक’ मिळते. गोव्यात पायलट म्हणतात ना, तीच भाड्याची मोटरसायकल. घ्या. एवढं अंतर चालून काहीही सिद्ध होत नाही, आणि पाय पुढे लागणार आहेत.

कारण पुढे आहे वाए लोम्बा ते पोचो रोको हा पट्टा. मांगाराई भाषेत वाए म्हणजे पाणी आणि पोचो म्हणजे डोंगर. मराठी माणसाने मात्र नाव वाचूनच सावध व्हायला हवं होतं: पोचायच्या आधी रास्ता रोको. ओढा ओलांडला की चढ जो सुरू होतो तो सोडतच नाही. दाट रान, त्यामुळे वारा नाही. मुळांच्या नैसर्गिक पायऱ्या, त्यावर शेवाळ, मधे तांबडी माती. जुलै म्हणजे कोरडा हंगाम, पण आदल्या दुपारी डोंगरावर सर आली होती आणि मातीचं लोणी झालं होतं. राजगडला चोर दरवाजाने जाताना शेवटी दम लागतो, पण तिथे निदान रेलिंग आहे आणि वर दरवाजा दिसतो. इथे काहीच दिसत नाही. वळण संपलं की तसंच दुसरं वळण. मी दोनदा आपटलो. बायको एकदाही नाही, हेही लिहायला लावलं आहे.

या चढावरच एक काका समोरून उतरत आले. पाठीवर कॉफीचं पोतं, तीसेक किलो सहज. वाटाड्याला विचारलं तेव्हा कळलं की वर भात पिकत नाही, मुख्य पीक कॉफी. कॉफी याच वाटेने खाली जाते आणि तांदूळ याच वाटेने वर येतो. मीठ, साबण, पत्रे, सगळं खांद्यावर. वर शाळा नाही, म्हणून मुलं खालच्या कोम्बो गावात राहून शिकतात, त्यांच्यासाठी एकेका घराचे दोन संसार. एजंटाने ‘ढगांतलं गाव’ म्हणून जे फोटो दाखवले त्यात हे काही नव्हतं.

पोचो रोकोनंतर वाट बरी होते. नाम्पे बाकोक या थांब्याच्या पुढे एक झोपडी लागते, तिथे टांगलेला बांबू वाजवायचा, म्हणजे खाली पाहुणे आल्याची वर्दी जाते. गावात गेल्यावर आधी मोठ्या घरात, म्हणजे ‘म्बारू गेंदांग’मध्ये. तिथले वडीलधारे पूर्वजांना पाहुण्यांची ओळख करून देतात. हे होईपर्यंत फोटो नाहीत. आमच्यासमोर एकाने मोबाइल काढला, त्याला शांतपणे थांबवलं. या विधीची दक्षिणा द्यायला सुटे पैसे खिशात ठेवा.

आता पैशाचं. आम्ही गेलो तेव्हा मुक्कामासाठी माणशी 3,25,000 रुपिया, म्हणजे साधारण 1,700 रुपये. न राहता परतायचं तर 2,00,000. त्यात जेवण आलं. आमच्या एजंटाने ‘गावाची फी’ म्हणून माणशी 5,00,000 घेतले होते. दोघांचे मिळून 3,50,000 त्याच्या खिशात, आणि कॉफीचं पोतं वाहणाऱ्या काकांच्या गावाला त्यातली दमडी नाही. हे मला चढापेक्षा जास्त झोंबलं. गाडी ठरवा, पण फी गावातच द्या.

घर आतून पाहिलं की राग जरा निवतो. मधे खांब, भोवती गोल जमीन, वर चार माळे. पहिल्या माळ्यावर धान्य आणि सामान, त्यावर बियाणं, त्यावर दुष्काळासाठीची बेगमी, आणि शेंड्याला पूर्वजांचा नैवेद्य. आपल्याकडची कणगी, देवघर आणि राहतं घर एकावर एक रचल्यासारखं. मोठ्या घरात आठ कुटुंबं राहतात. चुलीचा धूर छपरातून झिरपतो, त्याने गवत कोरडं राहतं आणि किडा लागत नाही. मधल्या काळात सातांपैकी चारच घरं उरली होती, मग गावाने बाकीची पुन्हा उभारली. 2012 मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी.

पाहुण्यांच्या घरात सगळ्यांनी भिंतीकडे डोकं करून गोलात झोपायचं. घोरणाऱ्यांपासून सुटका नाही. अंघोळीचं पाणी बर्फ, रात्री जाकीट हवंच. मोबाइलला रेंज नाही. जेवणात भात, पालेभाजी, अंडं, आणि डोळ्यांत पाणी आणणारा सांबाल, म्हणजे तिकडचा मिरचीचा ठेचा. शाकाहारी असाल तर आधी सांगा, आणि सोबत शेंगदाण्याची चटणी न्या. कॉफी न विचारता येते, तीही पाकात बुडवलेली. बिनसाखरेची हवी तर ‘पाहित’ म्हणा. सकाळी अंगणात चटयांवर कॉफीच्या बिया वाळत होत्या आणि घरांमधून ढग चालले होते. बरं, फोटो खोटे नव्हते.

न राहता परत येण्याचा बेत करू नका. एका दिवसात तो पट्टा दोनदा करणं हा मूर्खपणा आहे, आणि गाव बघायला तासभरच उरतो. उतरताना गुडघ्यांची वाट लागते, काठी घ्याच. पावसाळ्यात, नोव्हेंबर ते मार्च, जळवा असतात. मी तरी जाणार नाही.

कॉफी वरूनच विकत घ्या. आम्ही दोन किलो घेतली. पोचो रोकोच्या उतारावर ती दोन किलो मी बायकोच्या सॅकमध्ये सरकवली.