साठीनंतरची ड्युटी

आमच्याकडे परळ-लालबागच्या बाजूला बायका साठ वर्षांच्या झाल्या म्हणून काम सोडत नाहीत, काम फक्त बदलतात आणि कुठलं काम धरायचं ते गुडघे ठरवतात. चाळिशीत केर-लादी, भांडी. मग वाकवत नाही म्हणून पोळ्यांची कामं, म्हणजे उभ्याने का होईना पण खाली बसायला नको, आणि पंचावन्नच्या पुढे बाळ सांभाळणं नाहीतर पेशंट. हे शेवटचं गेल्या काही वर्षांत भयंकर वाढलंय असं मला दिसतं. मुलं अमेरिकेत नाहीतर पुण्यात, घरी एकटी आजी, मग तिच्याजवळ बसायला दुसरी आजी ठेवायची, कधी कधी दोघींच्या वयात पाच-सात वर्षांचाच फरक असतो. घरोघरी बायका पुरवणाऱ्या ब्युरोवाल्यांना पण मोठ्या वयाची बाई बरी वाटते, मोबाईलमध्ये डोकं घालून बसत नाही म्हणे. बारा तासांची ड्युटी, कमिशन कापून पगार, खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे गेले.

आकडे बघायचे तर सरकारचा पीएलएफएस, म्हणजे कोण काम करतं आणि कोण काम शोधतंय ते मोजणारा सर्व्हे आहे. त्यात 15 वर्षांवरच्या बायकांचा कामातला (काम शोधणाऱ्या धरून) सहभाग 2017-18 मध्ये 23.3 टक्के होता, तो 2023-24 ला 41.7 वर गेला. ऐकायला मस्त. पण ही उडी मुख्यतः गावाकडची, आणि घरच्या शेतीत, दुकानात बिनपगारी राबणारी बाईसुद्धा त्यात धरतात. शहरातला आकडा 20.4 वरून 28 वर आलाय बस. आणि सून ऑफिसला जावी म्हणून जी सासू दिवसभर नातवंडं बघते, डबे भरते, ती कुठेच नाही, कारण स्वतःच्या घरचं काम त्या हिशोबात येतच नाही. तीच सासू शेजारच्यांचं बाळ पैसे घेऊन सांभाळायला लागली की लगेच कामगार!

मुंबईत हे काही नवीन नाही. 1959 ला गिरगावात सात जणींनी 80 रुपये उधार घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तीच लिज्जत. गिरणगावातल्या, गिरणी कामगारांना जेवण पुरवणाऱ्या खानावळवाल्या बायकांना घेऊन प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. नंतर 1982 चा गिरण्यांचा संप झाला, नवऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या आणि कितीतरी घरं बायकांच्या डब्यांवर, धुण्याभांड्यांवर चालली. त्या वेळी पंचवीस-तिशीत असलेल्या आज सत्तरीच्या आसपास आहेत आणि त्यातल्या काही अजून पोळ्या लाटतायत, पीएफ नाही, पेन्शन नाही, थांबणार कशाच्या जोरावर? कोळणींचं पण तेच, पहाटे ससून डॉकला जाऊन माल उचलणाऱ्यांत साठीच्या कितीतरी दिसतील, पुढची पिढी मात्र त्या पाटीला हात लावायला तयार नाही (आणि मला त्यांचं चूक वाटत नाही).

सरकारी योजनांचा घोळ तर विचारू नका. घरकामगार मंडळाचा कायदा 2008 चा, पण नोंदणी 18 ते 60 वयातच, म्हणजे साठीला तुम्ही कागदावर कामगार राहात नाही आणि सकाळी सातला पोळ्या तर करायच्याच असतात. लाडकी बहीणचे 1500 येतात ते पण 65 पर्यंतच. पुढे श्रावणबाळ ही म्हाताऱ्यांची पेन्शन योजना आहे, पण त्यात वर्षानुवर्षं अट काय, तर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21 हजारांच्या आत. वर्षाचं, महिन्याचं नाही! मुंबईत दोन घरच्या पोळ्या करणारी बाईसुद्धा त्यात बसणार नाही, मग तलाठी, दाखला, एजंट, परत चक्कर, आणि त्या चकरांचे खाडे वेगळे.

मला विचाराल तर साठीच्या बाईला घरी बसवा असं माझं म्हणणं नाहीच. खूप जणींना काम हवंय, हातात स्वतःचे पैसे असले की सुनेपुढे हात पसरायला लागत नाही हे मावशी लोकं स्वच्छ सांगतात. फक्त महिन्याला चार भरपगारी सुट्ट्या, बसायला खुर्ची, आणि दिवाळीचा बोनस न मागता, एवढं तर आपण घरमालक म्हणून आपल्या आपण करू शकतो ना, त्याला कुठला कायदा लागतो? मी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा विषय टाकला होता. दोन अंगठे आले, एका काकांनी "रेट बिघडतील" असं लिहिलं आणि मग पार्किंगचं भांडण सुरू झालं.