सी ड्राइव्ह रिकामा केला तरी पुन्हा भरायचा: माझा अनुभव

सी ड्राइव्ह भरला की ‘फॉरमॅट मारून घ्या’ हे उत्तर तयार असतं. मला ते दोन दुकानांतून मिळालं, आणि जागा नेमकी कशाने व्यापली आहे हे बघण्याची तसदी दोन्हीकडे कुणी घेतली नाही. फॉरमॅट म्हणजे हिशोबाचं टॅली पुन्हा बसवा, प्रिंटर पुन्हा जोडा, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर शोधा, सगळे पासवर्ड पुन्हा टाका. प्रत्यक्षात सगळं दुखणं एका २.७ जीबीच्या लॉग फाइलपाशी, म्हणजे विंडोजच्या नोंदींच्या फाइलपाशी होतं. सापडल्यावर ते पंधरा मिनिटांत संपलं, पण सापडेपर्यंत नऊ दिवस गेले. ते नऊ दिवस दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मशीन विंडोज १० चं, ८ जीबी रॅम, २४० जीबीची एसएसडी. विंडोजमध्ये ती २२३ जीबी दिसते, कारण डिस्क बनवणारे १००० च्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या. जागा कुठेही गेलेली नसते. शिल्लक १.८ जीबी, पट्टी लाल.

पहिली फेरी सोपी होती. रीसायकल बिन, सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्यात स्टोरेजखालच्या टेम्पररी फाइल्स, रनमध्ये (विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबून उघडणारी चौकट) ‘%टेम्प%’ टाकून उघडणारा फोल्डर, वापरात नसलेली दोन सॉफ्टवेअर. १४ जीबी मिळाले. बहुतेकांचं काम एवढ्यात भागतं. फक्त टेम्पररी फाइल्सच्या यादीत ‘डाउनलोड्स’ ही ओळसुद्धा असते, तिच्यावर चुकूनही खूण करू नका. बँकेची स्टेटमेंट, जीएसटीची चलनं, स्कॅन केलेली कागदपत्रं लोक तिथेच ठेवतात. आणि एसएसडीवरून पुसलेली फाइल रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत मिळेल ही आशा धरू नका. फाइल पुसली की विंडोज डिस्कला ‘हे कप्पे आता मोकळे’ असं कळवतं, त्याला ट्रिम म्हणतात, आणि डिस्क ते कप्पे खरोखर साफ करून टाकते. जुन्या हार्ड डिस्कवर जे जमायचं ते इथे जवळजवळ जमत नाही. म्हणून आधी बॅकअप, मग झाडू.

सहा दिवसांनी पाहिलं तर १६ जीबीपैकी ११ गायब. त्या दिवसांत एकही मोठी फाइल आणलेली नव्हती. इथून खरं काम सुरू झालं.

असं झालं की आणखी काही पुसायला जाऊ नका, आधी हिशोब लावा. सी ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये वापरलेली जागा २१८ जीबी होती. मग लपवलेल्या आणि सिस्टिमच्या फाइल दिसतील अशी सेटिंग करून सी ड्राइव्हमधलं सगळं निवडलं आणि बेरीज पाहिली, ती १६९ जीबी. मधले ४९ जीबी कुठल्याच फोल्डरमध्ये नव्हते. अशी तफावत आली तर तिचा अर्थ बहुतेक वेळा सरळ असतो: तुमच्या खात्याला उघडायची परवानगी नाही अशा फोल्डरमध्ये ती जागा आहे. एक्सप्लोरर, म्हणजे फोल्डर उघडायची विंडोजची नेहमीची खिडकी, अशा फोल्डरची बेरीज शून्य धरतो आणि तसं सांगतही नाही.

पहिला संशय ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’वर गेला. रिस्टोअर पॉइंट, म्हणजे विंडोजला आधीच्या स्थितीत परत नेणाऱ्या नोंदी, तिथे साठतात. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून ‘व्हीएसएसअ‍ॅडमिन लिस्ट शॅडोस्टोरेज’ दिलं. (आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या.) उत्तर आलं, ६ जीबी. म्हणजे ४३ जीबींचा पत्ता अजून नव्हता. पुष्कळ ठिकाणी हीच पायरी शेवटची असते, कारण तिथेच ४०-५० जीबी सापडतात. तसं असेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या सिस्टिम प्रोटेक्शनमध्ये कमाल जागेची पट्टी मागे ओढा, ड्राइव्हच्या ५ टक्क्यांच्या आसपास ठेवा. रिस्टोअर पूर्ण बंद करू नका. एखादा ड्रायव्हर बिघडला तर तोच मदतीला येतो.

दुसरा संशय ‘विनएसएक्सएस’ फोल्डरवर, जिथे विंडोज आपल्या घटकांच्या प्रती ठेवतं, आणि यात एक अख्खी संध्याकाळ गेली. एक्सप्लोरर त्याचा आकार ११ जीबी दाखवत होता. तो आकडा खरा नसतो. या फोल्डरमधल्या बऱ्याच फाइल आणि ‘सिस्टिम३२’मधल्या फाइल म्हणजे डिस्कवरची एकच वस्तू असते, तिला दोन नावं असतात, त्यांना हार्ड लिंक म्हणतात. एक्सप्लोरर ती दोनदा मोजतो. खरा आकार पाहायला ‘डिस्म /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /अ‍ॅनलाइझकंपोनंटस्टोअर’ द्यायचं. माझा आला ७ जीबी. शेवटच्या ओळीत साफसफाई सुचवली असेल तर त्याच आज्ञेत शेवटचा शब्द बदलून ‘/स्टार्टकंपोनंटक्लीनअप’ करा. ३ जीबी मिळाले. सोबत ‘/रीसेटबेस’ जोडा असा सल्ला सर्रास दिला जातो, पण ते केल्यावर आधी आलेले अपडेट कधीच काढता येत नाहीत. त्या थोड्या जागेसाठी परतीची वाट बंद करणं मला पटत नाही. आणि हा फोल्डर हाताने पुसायचा विचारही मनात आणू नका, विंडोज पुन्हा सुरू होणार नाही.

तिढा सुटला तो एका साध्या गोष्टीने. जागा मोजणारं सॉफ्टवेअर, ट्रीसाइझ किंवा विनडिरस्टॅट कुठलंही चालेल, मी नेहमीप्रमाणे दोनदा क्लिक करून उघडत होतो. त्यामुळे त्यालाही एक्सप्लोररइतकंच दिसत होतं. उजवं क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ केलं आणि ‘सी:\विंडोज\टेम्प’ सगळ्यात वर आला. आत ४१२ फाइल, प्रत्येकीचं नाव ‘कॅब_’ने सुरू होणारं, प्रत्येकी जवळपास १०० एमबी. एकूण ४१ जीबी.

इथे टेम्पची गफलत नीट समजून घ्या. रनमध्ये ‘%टेम्प%’ टाकल्यावर जो उघडतो तो तुमच्या खात्याचा टेम्प, ‘अ‍ॅपडेटा\लोकल’मधला. ‘विंडोज\टेम्प’ वेगळा. त्यात सिस्टिमच्या सेवा लिहितात, आणि तो उघडायला गेलात की परवानगी विचारली जाते. टेम्प साफ केला असं म्हणणारे बहुतेक जण पहिलाच साफ करतात.

त्या ४१२ फाइल पुसल्या. दुपारपर्यंत ११ नव्या आल्या. दोन-तीन तासांत १ जीबीहून जास्त. कोण बनवतंय ते टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये दिसलं: ‘मेककॅब.ईएक्सई’.

कारण असं. विंडोज अपडेट आणि सिस्टिमच्या घटकांची नोंद ‘सी:\विंडोज\लॉग्ज\सीबीएस’मधल्या ‘सीबीएस.लॉग’ फाइलमध्ये होते. ती फुगली की विंडोज तिचं नाव बदलून ‘सीबीएसपर्सिस्ट’ आणि पुढे तारीख-वेळ असं करतं, नवी लॉग सुरू करतं, आणि जुनी आवळून ‘.कॅब’ बनवायचं काम मेककॅबकडे देतं. मेककॅबला २ जीबीपेक्षा मोठी फाइल पेलत नाही. माझी होती २.७ जीबी. मेककॅब काम सुरू करतो, टेम्पमध्ये १०० एमबीपर्यंत लिहितो, अडकतो, अर्धवट फाइल तिथेच टाकून जातो. मूळ लॉग आवळली न गेल्यामुळे थोड्या वेळाने तोच खेळ पुन्हा. म्हणून टेम्प कितीही झाडला तरी तो भरणारच, आधी ती लॉग हलवायला हवी.

क्रम महत्त्वाचा आहे. अपडेट चालू असेल किंवा रीस्टार्ट मागत असेल तर ते आधी पूर्ण होऊ द्या. मग रनमध्ये ‘सर्व्हिसेस.एमएससी’ उघडून ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर’ ही सेवा थांबवा. ती आधीच थांबलेली असली तरी चालेल, गरज पडली की ती आपोआप सुरू होते. टास्क मॅनेजरमधून मेककॅब बंद करा. आता सीबीएस फोल्डरमधली ती ‘सीबीएसपर्सिस्ट’ची ‘.लॉग’ फाइल कट करून बाहेरच्या डिस्कवर न्या. लगेच पुसू नका, तिचं काम पुढे आहे. ‘सीबीएस.लॉग’ स्वतःच फुगली असेल तर तीही हलवा, विंडोज नवी बनवतं. शेवटी ‘विंडोज\टेम्प’मधल्या फक्त ‘कॅब_’ने सुरू होणाऱ्या फाइल निवडून शिफ्ट-डिलीट. रीस्टार्ट. दोन दिवस टेम्प बघत राहिलो, एकही नवी फाइल आली नाही.

पण लॉग एवढी फुगलीच का, हे सोडून दिलं तर महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तेच. एरवी ती पन्नासेक एमबीच्या आसपास बदलली जाते. २.७ जीबीची फाइल नोटपॅडमध्ये उघडू नका, मशीन गोठतं. पॉवरशेलमध्ये ‘गेट-कंटेंट’, फाइलचं नाव आणि ‘-टेल १००’ दिलं की शेवटच्या १०० ओळी मिळतात. त्यात एकाच पॅकेजचं, म्हणजे अपडेटच्या भागाचं, नाव पुन्हा पुन्हा, प्रत्येक वेळी चूक. अपडेट हिस्टरीत तेच अपडेट वारंवार फेल झालेलं दिसत होतं. ‘डिस्म /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ’ चालवलं, ते पूर्ण झाल्यावर सिस्टिमच्या बिघडलेल्या फाइल दुरुस्त करणारं ‘एसएफसी /स्कॅननाउ’. हाच क्रम ठेवा, कारण एसएफसी चांगली प्रत विनएसएक्सएसमधून घेतं, आणि तिथलीच प्रत बिघडलेली असेल तर दुरुस्ती कशातून करणार? डिस्म बराच वेळ एकाच टक्क्यावर थांबल्यासारखं वाटतं, खिडकी बंद करू नका. त्यानंतर ते अपडेट पहिल्या झटक्यात बसलं. शिल्लक जागा ५२ जीबी. ती बघून वाटलेलं समाधान खरंच मोठं होतं.

एक गोष्ट वरच सांगायला हवी होती. शिल्लक जागा १ जीबीच्याही खाली असेल तर डिस्मला हात घालू नका, त्याला स्वतःला काम करायला जागा लागते. आधी दोन-चार मोठे व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर हलवा.

‘हायबरफिल.एसवायएस’बद्दल नेहमी विचारलं जातं. हायबरनेट करताना, म्हणजे चालू काम जपून मशीन बंद करताना, रॅममधलं सगळं या फाइलमध्ये ठेवलं जातं. तिचा आकार साधारण रॅमच्या ४० टक्के, म्हणजे ८ जीबी रॅमला ३.२ जीबी. ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ दिलं की ती जाते, पण हायबरनेट आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही जातात. लॅपटॉप असेल आणि वीज जाण्याचा त्रास असेल तर राहू द्या. ‘पॉवरसीएफजी /एच /टाइप रिड्यूस्ड’ने ती निम्मी होते आणि फास्ट स्टार्टअप टिकतं, फक्त हायबरनेट जातं. रॅम अपुरी पडली की विंडोज वापरतं त्या ‘पेजफाइल.एसवायएस’ला हात लावू नका, कमी रॅमच्या मशीनवर तर मुळीच नाही.

‘सी:\विंडोज\इन्स्टॉलर’ हा लपवलेला फोल्डर मोठा दिसतो आणि नावावरून वाटतं की जुने सेटअप पडून आहेत. तसं नाही. ऑफिससारखी सॉफ्टवेअर दुरुस्त करताना, अपडेट करताना, काढताना तिथल्याच फाइल मागतात. त्या पुसल्या तर ते सॉफ्टवेअर ना पुढे जातं ना निघतं. ‘विंडोज.ओल्ड’, म्हणजे अपग्रेडआधीचं जुनं विंडोज, मात्र नि:शंक काढा, फक्त डिलीट दाबून नव्हे, स्टोरेजच्या टेम्पररी फाइल्समधून. मोठ्या अपग्रेडनंतर १० दिवस मागे परतायची सोय असते, तोवर नवं विंडोज नीट चालतंय का ते बघून घ्या.

रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगची नोंदवही, साफ करणारी सॉफ्टवेअर जागेसाठी घेऊ नका. सगळी रजिस्ट्री मिळून काहीशे एमबीच्या आतली गोष्ट, त्यातून मिळणार काय?

दुकानात किंवा सीएच्या कार्यालयात मशीन असेल तर टॅलीकडे लक्ष ठेवा. डेटा बहुतेक वेळा ‘सी:\युजर्स\पब्लिक’खाली असतो, आणि कंपनीच्या फोल्डरची नावं १०००० अशी नुसती आकड्यांची असतात. अनोळखी माणसाला तो कचरा वाटतो. टॅलीमध्ये कंपनी निवडायच्या पडद्यावर डेटाचा पत्ता दिसतो, तो आधी कागदावर लिहून घ्या आणि मगच सफाईला बसा.

मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हच्या फोल्डरमधून फाइल पुसली तर ती क्लाउडवरूनही जाते. तिथे जागा मोकळी करायची तर फाइलवर उजवं क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’ निवडा. निळा ढग दिसला म्हणजे फाइल फक्त क्लाउडवर आहे, उघडताना इंटरनेट लागेल. जीएसटी भरायच्या शेवटच्या दिवशी इंटरनेट बंद पडलं तर लागणाऱ्या फाइल मशीनवरच हव्यात, त्यांच्यावर ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ लावून ठेवा.

बाहेर हलवलेली ती २.७ जीबीची लॉग अपडेट बसल्यानंतर पंधरा दिवसांनी पुसली.