लांबून गेलं की लवकर

जेवणं उरकून जरा लवंडावं म्हणते, तोच समोरच्या काकू फोन घेऊन आल्या. नात दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेली. "बघ गं, किती लांब दाखवतंय?" सरळ मोजलं तर 12,400 किलोमीटरच्या आसपास, मी म्हटलं. काकूंनी हात झटकला. "ते ठेव तुझ्याकडे. तास किती ते सांग."

बरोबरच आहे. इंदुरातल्या मराठी माणसाला किलोमीटर सांगून काय उपयोग? सडकेने पुणं सहाशेच्या आसपास. आमची गाडी मात्र उज्जैन, रतलाम, बडोदा, सुरत, वसई असा गुजरात दाखवत साडेनऊशेच्या वर तुडवते. लहानपणी मला पुणं गुजरातच्या पलीकडे आहे असंच वाटायचं. बडोद्याला बाबा बाटली घेऊन पाण्याला उतरत, गाडी हलली तरी नळाशीच दिसत, आणि आई खिडकीच्या गजांतून "अहो, अहो" करत राही. 2024 मध्ये इंदूर–मनमाड या 309 किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्राची मंजुरी मिळाली. त्या गाडीत चढण्यापुरते माझे गुडघे शिल्लक राहोत म्हणजे झालं.

विमानाचं त्याहून विचित्र. भिंतीवरच्या नकाशात दिल्लीहून कॅलिफोर्नियाला आडवी रेघ मारावीशी वाटते. पण पृथ्वीच्या गोलावर स्वेटरची उरलेली लोकर ताणून धरा, ती आपोआप वर सरकते आणि उत्तर ध्रुवाच्या वाटेला लागते.

आणि जवळची वाट लवकरची असेलच, असंही नाही. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने आपलं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून नेलं. अंतर 13,900 वरून 15,300 किलोमीटर झालं आणि वेळ उलट घटला. साडेचौदा तासांत स्वारी पोचली. तिथे उंचावर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे सुटलेला असतो, कधी ताशी 200 किलोमीटरच्याही वर. तो पाठीशी असला की विमान जास्तीचे चौदाशे किलोमीटर हसत कापतं, तोंडावर आला की नुसतं तेल जाळत बसतं. आमच्या पुण्याच्या गाडीला असला वारा कधी लागला नाही.

मी रंगात येऊन सांगत होते. काकू ऐकत होत्या, पण बोटांवर काहीतरी मोजत.

"हे जायचं झालं. यायला किती?"

"पंधरा-सोळा तास धरा."

"वर दिल्लीला बसून राहायचं, मग इंदूरचं विमान. शिवाय तिकीट मिळायला हवं. म्हणजे दोन दिवस गेलेच." बोटं मिटून त्यांनी फोन पदराला पुसला. "मग माझं काही झालं तर तिच्यासाठी थांबू नका हं. सकाळी गेले तर दुपारी पंचकुइयाच्या स्मशानात न्या. उगाच बर्फावर ठेवाल, मला थंडी सोसत नाही."