छातीवर कोंबडा असलेली जर्सी

पोरानं बेळगावच्या खडे बाजारातनं टॉटनहॅमची, म्हणजे लंडनच्या फुटबॉल क्लबची जर्सी आणलीय. ओरिजिनल नाही हे सांगायला नकोच, दोन धुण्यात छातीवरचा कोंबडा अर्धा उडाला. रविवारी तीच घालून लेले ग्राउंडवरनं चिखलात लोळून आला आणि नेमके मामा घरात चहा पीत बसलेले. मामा म्हणजे माझे मामा, मराठा लाईट इन्फंट्रीतनं हवालदार म्हणून रिटायर, पलटणीच्या टीमचे गोलकीपर. उजव्या हाताची करंगळी बॉल लागून कायमची वाकडी झालीय, कप धरला की ती एकटीच बाजूला उभी राहते.

"हे कोंबडं कसलं रे छातीवर?"

पोरगा लगेच सुरू, हा प्लेयर एवढ्याला घेतला, तो तेवढ्याला विकला. मामा ऐकून घेतात, बोलत काय नाहीत. मग मीच म्हटलं, मामा, ह्याच टीमचा एक जण पहिल्या महायुद्धात गेलाय, लेफ्टनंट होता. मामांनी कप खाली ठेवला. "सांग की."

तर वॉल्टर टल. जन्म 1888, इंग्लंडमधलं फोकस्टन, समुद्राकाठचं गाव. बाप बार्बाडोसहून आलेला काळा सुतार, आजा गुलाम, आई तिथलीच गोरी. सात वर्षांचा असताना आई गेली, बापानं दुसरं लग्न केलं आणि दोन वर्षांत तोही गेला. सावत्र आईला एवढी पोरं सांभाळणं जमेना म्हणून वॉल्टर आणि त्याचा भाऊ एडवर्ड दोघांना लंडनच्या अनाथाश्रमात टाकलं. पुढं भावाला ग्लासगोच्या एका घरानं दत्तक घेतलं, तो शिकून दाताचा डॉक्टर झाला. हा मागं राहिला, छापखान्यात काम शिकला आणि बॉल खेळत राहिला. क्लॅप्टन नावाच्या हौशी टीमकडून एकच सीझन खेळला, त्या सीझनला टीमनं तीन कप उचलले, लगेच 1909 ला टॉटनहॅमनं घेतलं. टीमबरोबर अर्जेंटिना, उरुग्वेचा दौरा करून आला. आमच्या पोराचं तोंड इथं उघडं ते उघडंच, 1909 ला बोटीनं अर्जेंटिना!

पण त्याच वर्षी ऑक्टोबरात ब्रिस्टलला मॅच होती, तिथं पब्लिकनं त्याच्या रंगावरनं इतक्या घाण शिव्या घातल्या की दुसऱ्या दिवशी पेपरवाल्यानंसुद्धा लिहिलं, मासळी बाजारातसुद्धा असली भाषा नसते म्हणून. आणि त्याच पेपरवाल्यानं लिहिलं की हा गडी डोकं शांत ठेवून खेळला, मैदानावरचा सगळ्यात चांगला फॉरवर्ड हाच. झालं काय तर थोड्याच दिवसांत टॉटनहॅमनं त्यालाच बाहेर बसवला. मला हे काय पटलेलं नाही आजपर्यंत. शिव्या घालणारा स्टँडात बसून राहिला आणि शिव्या खाणारा रिझर्व्हमध्ये गेला. (आपल्याकडं काय वेगळं असतं असं नाही म्हणा, भाषेवरनं, जातीवरनं मैदानात काय काय ऐकायला मिळतं ते खेळलेल्यांना विचारा.) 1911 ला तो नॉर्थहॅम्प्टनला गेला, तिथं हर्बर्ट चॅपमन मॅनेजर, पुढं ज्यानं आर्सेनलला मोठं केलं तोच. तिथं मात्र शंभराच्या वर मॅच खेळला.

1914 च्या डिसेंबरात फुटबॉल प्लेयरांचीच एक पलटण उभी केली, मिडलसेक्स रेजिमेंटची 17 वी बटालियन. हा त्याच महिन्यात भरती झाला, बघता बघता सार्जंट झाला. फ्रान्स, खंदक, सोम्मची लढाई, मध्ये आजारी पडून परत. आणि मग ऑफिसरच्या ट्रेनिंगला निवडला. आता गंमत अशी की नियम होता, ऑफिसर शुद्ध युरोपियन रक्ताचाच पाहिजे. नियम पुस्तकात तसाच राहिला आणि 30 मे 1917 ला हा सेकंड लेफ्टनंट झाला.

इथं मामा पहिल्यांदा बोलले. "1917 ला? आमचा सुभेदार मेजर, तीस वर्षांची नोकरी, तो त्या वेळी मिसरूड न फुटलेल्या गोऱ्या लेफ्टनंटाला सॅल्यूट मारायचा."

खरंय. आपल्या माणसांना किंग्ज कमिशन, म्हणजे गोऱ्यांच्या बरोबरीची ऑफिसरकी द्यायचं त्याच वर्षी ऑगस्टात ठरलं, तेही सुरुवातीला मोजून नऊ जणांना.

पुढं टलची पलटण इटलीत गेली, पियावे नदीवर. 1918 च्या जानेवारीत रात्रीच्या अंधारात, हाडं गोठवणाऱ्या थंडीत 26 माणसं घेऊन नदीपलीकडं शत्रूच्या हद्दीत गेला आणि सगळीच्या सगळी परत आणली. जनरलनं त्याच्या धाडसाचं लेखी कौतुक केलं. मामा म्हणाले, "नदी ओलांडून नेणं सोपं असतंय. अंधारात परत येताना एकेकाला मोजत आणणं, ते अवघड."

25 मार्च 1918, जर्मनांचा मोठा हल्ला चाललेला, फ्रान्समध्ये फाव्ह्रिल गावाजवळ माघार घेताना गोळी लागली. वय 29. बॉडी मिळाली नाही. अरासला भिंत आहे, ज्यांची थडगी नाहीत अशा जवळजवळ 35,000 जणांची नावं तिच्यावर कोरलीत, त्यात ह्याचं नाव आहे.

नाव कोरलंय म्हटल्यावर मला आजोळची फरशी आठवली. खानापूर तालुक्यातलं गाव, चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी फरशी बसवलीय, या गावातनं 1914 ते 1919 च्या महायुद्धाला इतकी माणसं गेली, त्यातली इतकी मेली. एकाचंबी नाव नाही. दर दिवाळीला चुना मारणारा तिच्यावरनंच ब्रश फिरवतो, 'गेली'चा आकडा दिसतो, 'मेली'चा चुन्याखाली गेलाय. लहानपणी आम्ही तिच्यावर बॉल मारायचो, फरशीला लागला की गोल.

1914 ला बेळगाव कॅम्पात नॉरफोक रेजिमेंटचे गोरे होते. ते आणि 110 वी मराठा लाईट इन्फंट्री, दोघं एकाच बेळगाव ब्रिगेडमधनं इराकात बसऱ्याला गेले, दोघं तिथल्याच कूत गावात तुर्कांच्या वेढ्यात सापडले. 147 दिवस. शेवटी घोडी कापून खायची वेळ आली, आपल्यातल्या कित्येकांनी धर्मापायी लई दिवस त्याला हात लावला नाही. 29 एप्रिल 1916 ला शरणागती. त्या मोहिमेतल्या 40,000 च्या वर माणसांचं स्मारक बसऱ्याला आहे. नॉरफोकवाल्यांची नावं त्याच्यावर कोरली, आपल्या सुभेदार-जमादारांचीही कोरली, साध्या शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा. एकाच ब्रिगेडमधले, एकाच वेढ्यात उपाशी राहिलेले. टलचं नाव निदान फुटबॉलमुळं सापडतं, टीमशीटवर आहे, पेपरात आहे, आश्रमाच्या फोटोत आहे. आमच्या फरशीवरच्यांना कुठनं शोधायचं सांगा.

पोरगा एवढा वेळ गप्प होता. त्यानं विचारलं, बॉडी आणायला कोण गेलं नाही का?

गेला ना, म्हटलं. टॉम बिलिंगहॅम म्हणून एक शिपाई, लेस्टर फॉसचा जुना प्लेयर, गोळीबारात त्याला ओढून आणायला बघत होता म्हणतात. जमलं नाही, सोडून यावं लागलं.

"कुठं खेळायचा तो?" मामांनी विचारलं.

"गोलकीपर होता."

मामांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला, करंगळी तशीच बाजूला. "मग तोच जाणार की," म्हणाले, आणि पोराला म्हणाले, जर्सी काढ आणि भिजत घाल, चिखल वाळला की निघत नसतोय.