दुधाच्या दातांवर सरकारी पैसा कशाला?

दुधाच्या दातांवर सरकारी पैसा कशाला, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तसा हा प्रश्न मला सरपंचांनी विचारलाय, माझ्या भाच्याने विचारलाय, आणि एका सेविकेच्या सासूबाईंनी तर चुलीपुढे बसून सरळ ऐकवलं होतं, "दुधना दात शेतस, पडी जातीन. त्यासले कसाले पैसा?" नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा-धडगाव पट्ट्यात अंगणवाडीची पर्यवेक्षिका म्हणून माझी नोकरी झाली. वजनकाटा, दंडघेराची फीत आणि रजिस्टरं यातच जन्म गेला. आता निवृत्त झाल्यावर ग्रामसभेत दातांचा विषय काढते, तेव्हा लोकांना वाटतं बाईंना दुसरं काम उरलं नाही.

पडणार, हे खरंच आहे. पण कधी? दुधाचे दात 20. पुढचे दात पोर सहा-सात वर्षांचं झालं की पडायला लागतात. दाढा मात्र दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तिसऱ्या वर्षी किडलेल्या दाढेवर पोराला पुढची सात-आठ वर्षं चावायचं असतं. त्यात साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. ती येताना काहीच पडत नाही, म्हणून घरात कुणाला कळतही नाही. आई तिलाही दुधाचीच समजते, आणि जन्मभर पुरायची ती दाढ शेजारच्या किडक्या दाढांच्या संगतीत वाढते.

मला हा विषय कळला तो वजनकाट्यावरून. पोर खात नाही, अशी तक्रार सेविका करायची. लापशी गिळतं, अमृत आहार या सरकारी योजनेतलं अंडं खातं, पण भाकरी आणि उसळ तोंडात धरून बसतं. घरी चहात बुडवून बिस्किट, नाहीतर दुकानातली पाच रुपयांची पुडी. तोंड उघडून पाहिलं की दाढेला खड्डा. कुपोषणाचं कारण दात, असं मी म्हणत नाही. गरिबी आहे, आजारपण आहे, लहान वयातली बाळंतपणं आहेत. पण 2017 साली केंद्राने पूरक आहारासाठी मुलामागे दिवसाला 8 रुपयांचा दर ठरवला, आणि ते 8 रुपये ज्या तोंडातून पोटात जायचे, त्या तोंडासाठी आमच्या रजिस्टरात एक रकानासुद्धा नव्हता.

पैसा अजिबात नाही, असंही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच राज्यात पालघरहून सुरू झाला. त्याची डॉक्टरांची गाडी मुलं तपासायला अंगणवाडीत वर्षातून दोनदा यावी असा नियम आहे, आणि तपासणीच्या यादीत दातही आहेत. 2014-15 पासून राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमही आहे. त्यातून जिल्हा रुग्णालय आणि त्याखालच्या दवाखान्यांना दाताची खुर्ची, औषधं-साहित्य आणि दंतवैद्याच्या मानधनासाठी मदत मिळते. खर्चाची वाटणी केंद्र 60, राज्य 40.

आता हा पैसा लागतो कुठे ते बघा. दात किडल्यावर. खुर्ची आली की फोटो निघतो, फीत कापली जाते. पण खुर्चीला कॉम्प्रेसर लागतो, पाणी लागतं, सलग वीज लागते, आणि कंत्राट संपल्यावरही टिकणारा डॉक्टर लागतो. एका ग्रामीण रुग्णालयात मी खुर्चीवर कापसाचे बोळे आणि केसपेपरचे गठ्ठे रचलेले पाहिलेत. गाडीतल्या डॉक्टरांनी पोराला 'रेफर' केलं, तरी तोरणमाळकडच्या पाड्यावरून नंदुरबारला जायचं म्हणजे बापाचा दिवसाचा रोज बुडतो. वरून गाडीभाडं. शिवाय दिवाळीनंतर कित्येक घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात ती आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास परततात. मधल्या काळात गाडी आलीच, तर पटावर नाव आहे, पोर नाही.

स्कॉटलंडचं उदाहरण मला धुळ्याच्या एका दंतवैद्यांनी सांगितलं. तिथल्या बालवाड्यांमध्ये बाईंच्या देखरेखीखाली मुलं रोज ब्रश करतात, पैसा सरकारचा. पुढे अभ्यासकांनी हिशोब मांडला, तर कार्यक्रमाच्या आठव्या वर्षी मुलांच्या दंतोपचारांवर वाचलेला पैसा ब्रश करवून घेण्यावरच्या खर्चाच्या अडीच पटीहून जास्त निघाला. मी हे एका बैठकीत सांगितलं. साहेब म्हणाले, आपल्याकडे अशी बचत दाखवता येणार नाही. बरोबर बोलले! तिथे दात काढण्याचं बिल सरकारच भरतं, म्हणून बचतही सरकारच्या वहीत दिसते. इथे बाप शहाद्याला नाहीतर थेट सुरतेला खाजगीत नेतो आणि बिल स्वतः भरतो, किंवा नेतच नाही आणि पोर सोसतं. वाचलं तर त्याचं वाचेल, आणि त्याचा हिशोब कुठल्याच खात्यात येत नाही. सरकारी पैसा कशाला, याचं माझं उत्तर तेवढंच आहे. खर्च आजही होतोच आहे. फक्त तो ज्याला परवडत नाही त्याच्या खिशातून होतो.

मागणीही फार मोठी नाही. अंगणवाडीत रोज ब्रश करवून घ्यायचा, एवढीच. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी फ्लोराइडची (कीड रोखणाऱ्या द्रव्याची) पेस्ट पुरते, म्हणजे साधारण पाव ग्रॅम. अंगणवाडीत 25 मुलं धरली तर 100 ग्रॅमची ट्यूब सोळा दिवस चालते. महिन्याला दोन ट्यूबा झाल्या. सप्टेंबर 2025 पासून टूथपेस्ट आणि ब्रशवरचा जीएसटीही 18 वरून 5 टक्क्यांवर आलाय. नळ नाही ही अडचण नाही, कारण फेस थुंकायचा, खळखळून चूळ भरायचीच नाही. पेस्ट तोंडात राहिली तरच तिचा उपयोग.

कडुलिंबाची काडी काय वाईट, असं म्हणणारे असतातच. मोठ्यांनी खुशाल वापरावी. तीन वर्षांच्या पोराला ती दाढेपर्यंत नेता येत नाही, आणि तिच्यात फ्लोराइड नसतं. आजीच्या मशेरीच्या डबीत बोट घालण्यापेक्षा मात्र काडी शंभर पटींनी बरी.

ब्रशच्या जोडीला वर्षातून दोनदा दातांना फ्लोराइडचं वार्निश, म्हणजे पातळ लेप, लावायचं. मिनिट-दोन मिनिटांचं काम, खुर्चीही लागत नाही. किडलेल्या जागी लावायचं चांदीयुक्त फ्लोराइडचं औषधही आहे. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. कीड थांबते, पण डाग काळा पडतो, आणि आया विचारतात, "बाई, हे काय केलंत?" ते आधी समजावून सांगावं लागतं. त्या वेळेचेही पैसे धरायला हवेत.

सेविकेचेही धरा. तिच्या गळ्यात मोबाइलची नोंद, आहार, गृहभेटी, सर्वेक्षण असं सगळं आधीच आहे. मानधन न वाढवता ब्रशही तिच्यावर टाकला, तर तो रजिस्टरातच घासला जाईल.

तर सरपंच, पेसा गाव (आदिवासी भागासाठीच्या पेसा कायद्याखालचं) असेल तर 5 टक्के अबंध निधीत, म्हणजे गावाने स्वतः ठरवून खर्चायच्या पैशात, आरोग्याचं काम बसतं. इतर गावांत स्वउत्पन्नातले महिला-बालकल्याणाचे 10 टक्के आहेत. दरवर्षी त्यातून सतरंज्या आणि खुर्च्याच येतात. प्रस्ताव लिहाल तेव्हा मुलामागे वर्षाला चार ब्रश धरा, कारण तीन महिन्यांत केस वाकतात. आणि प्रत्येक ब्रशवर नाव घालायला पक्क्या शाईचा पेनही यादीत टाका, नाहीतर भावंडं एकाच ब्रशने घासतात.