मिटलेले पाते

आमच्याकडे वेंगुर्ल्याच्या वाड्यांमधून सकाळी बागेकडे निघालेल्या माणसाच्या कमरेला मागच्या अंगाला आकडी बांधलेली असते आणि आकडीत कोयती लटकत असते. तिचे पाते चांगले वीतभर लांब आणि टोकाशी चोचीसारखे वळलेले. तसाच तो एसटीच्या थांब्यावर उभा राहतो, दुकानात उधारी मांडतो, ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर वर्तमानपत्र वाचतो. कोणाला त्याचे काही वाटत नाही. मी मात्र चहाच्या टपरीवर खिशातून बोटाएवढा चाकू काढून कैरी चिरू लागलो, की बाकावरचा शेजारी थोडा सरकून बसतो.

गेली वीसेक वर्षे मी घडीचे चाकू जमवतो आणि त्यांतला एक रोज खिशात बाळगतो, त्यामुळे हे सरकणे माझ्या परिचयाचे झाले आहे. त्यात भाषेचाही थोडा हात असावा. सुरी संस्कृत क्षुरिकेपासून आलेली, म्हणून घरची; चाकू फारसीतून आलेला, म्हणून बाहेरचा. भाजी सुरीने चिरतात, वर्तमानपत्रात मात्र ‘चाकूहल्ला’ होतो. (सुरीचे लिंग बदलून सुरा केला, की तीही बातमीत जाते, हे मान्य करायला हवे.) कायद्याचेही असेच आहे. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याला परवाना लागतो. पण घरकामाच्या आणि शेतीच्या हत्यारांना त्यातून सूट असल्यामुळे कोयती निर्धास्त असते, आणि माझा साडेतीन इंची चाकू नियमात बसत असूनही नजरांमधून सुटत नाही.

पहिला चाकू आजोबांचा. काळ्या शिंगाची मूठ, दोन पाती, आणि पाठीला पोलादी पट्टीची कमान. नखाच्या खाचेत नख घालून पाते ओढले, की अर्ध्या वाटेत ते किंचित अडते आणि मग टक्कन उभे राहते. आजोबा कारकून होते, आणि मोडी लिहिण्यासाठी बोरू तासणे हे या चाकूचे मुख्य काम. बोरूचे टोक तिरके छाटायचे आणि मधोमध बारीक चीर द्यायची, म्हणजे शाई उतरते. इंग्रजांचे ‘पेननाइफ’सुद्धा मुळात पिसाची लेखणी तासण्यासाठीच असे, हे पुष्कळ नंतर कळले, आणि आजोबांचा तो ठेंगणा चाकू एकाएकी मोठ्या गोतावळ्यातला वाटू लागला.

त्या गोतावळ्यातील इतर मंडळी हळूहळू येत गेली. स्विस सैन्याला १८९१ पासून पुरवल्या जाणाऱ्या चाकूचा लाल नातलग माझ्याकडे आहे, पण त्याच्यात इतकी उपकरणे आहेत की चाकू म्हणून त्याच्यावर जीव जडत नाही. रामपुरी मी मुद्दामच घेतलेला नाही. त्या रामपूर शहराने २०२३ मध्ये चौकात भला थोरला चाकू उभारला हे खरे. पण आपल्या चित्रपटांनी त्याच्या खटक्याच्या आवाजाला जो अर्थ चिकटवला आहे, तो खिशात घेऊन मासळीबाजारात हिंडण्याची माझी हिंमत नाही. जपानच्या मिकी गावचा हिगोनोकामी मला फार आवडतो. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, एक पाते आणि अंगठ्याने दाबायची एक शेपटी. ना कमान, ना खटका. तिथली शाळकरी मुले एके काळी त्याने पेन्सिली तासत.

सर्वांत जास्त संगत मात्र फ्रान्सच्या साव्होआ प्रांतातील ओपिनेलची. जोसेफ ओपिनेल याने १८९० मध्ये तो घडवला आणि १८९७ पासून त्याचे १ ते १२ क्रमांकांचे आकार निघाले. माझा आठव्या क्रमांकाचा. पाते चुकून मिटू नये म्हणून मुठीच्या गळ्याशी फिरणारे कडे आहे, ते १९५५ चे. साध्या पोलादाचे पाते आमच्या खाऱ्या वाऱ्यात रात्रीत तांबूस पडते, म्हणून मी त्याला रोज खोबरेल लावतो. कैरीच्या आंबटपणाने त्याच्यावर जी निळसर काळपट छटा धरली आहे, ती मला नव्या पात्याच्या चकाकीपेक्षा सुंदर वाटते. एकदा ओले काजू फोडण्याचा अविचार त्याच्याकडून करून घेतला. चिकाने माझी बोटे भाजली आणि मुठीवर कायमचे डाग राहिले. आणि पावसाळ्यात तर ही बीच लाकडाची मूठ दमटपणाने फुगते व पाते आवळून धरते. आषाढात हा चाकू उघडतच नाही म्हटले तरी चालेल.

बागेत कामाला येणाऱ्या तात्यांनी त्याला असा अडून बसलेला पाहिले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “मिटता तां हत्यार न्हय, भाऊनू.” मराठीत सुताराची पटाशीही हत्यार आणि तलवारही हत्यार, पण तात्यांच्या बोलण्यात तो शब्द सन्मानाचाच असतो. जे दिसते त्याची त्यांना भीती नाही, आणि जे आपली धार पोटात घेऊन बसते त्याच्यावर भरवसा नाही. मला हे पटले नाही. खिशात हात घातला आणि तो रक्ताविना बाहेर आला, तर ती त्या मिटण्याचीच कृपा. पण वाद घालावा असेही वाटले नाही.

यंदा खंडेनवमीला पाटावर कोयती, विळी, अडकित्ता, पहार अशी मांडणी झाली, तेव्हा त्यांच्या कडेला मी माझे सहा चाकू ओळीने ठेवले. तात्या हळदकुंकवाची कुयरी घेऊन कोयतीपासून निघाले आणि चाकूंपाशी येऊन थांबले.

“मिटलेल्याक कुंकू खंय लावूचां?”

मी एकेक चाकू उघडत गेलो. आजोबांचा टक्कन उभा राहिला, हिगोनोकामी शेपटीवर उठला. ओपिनेल मात्र परतीच्या पावसाने पुन्हा फुगला होता. साव्होआतले शेतकरी अशा वेळी मुठीचे बूड टेबलावर आपटतात, हे मला माहीत होते. पण पूजेच्या पाटावर आपटावे कसे, म्हणून मी तो हातात घेऊन नुसता उभा होतो. तात्यांनी तो माझ्या हातून घेतला, दाराच्या उंबऱ्यापाशी वाकून चिऱ्यावर त्याचे बूड दोनदा ठोकले, आणि बाहेर डोकावलेल्या पात्यावर अनामिकेने कुंकू लावले.