मागचे पाय लुळे पडत चाललेला उंदीर : दहा आठवड्यांची नोंद

आठवडा ०

पाळीव नर, वय २३ महिने, वजन ५८० ग्रॅम. डावा मागचा पाय घासत येतो. बसून तोंड धुताना डावीकडे कलंडतो आणि शेपूट जमिनीला टेकलेली असते. पुढचे पंजे मात्र ठणठणीत, मटाराचा दाणा दोन्ही पंजांत धरून सालासकट फिरवत खातो.

हा मटार म्हणजे घरच्या घरी करायची पहिली तपासणी. दाणा पंजातून निसटू लागला आणि डोकं कोपऱ्यात दाबून बसणं सुरू झालं, तर दुखणं कमरेत नसून मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीच्या गाठीचं असू शकतं. तिथे मालिश, शेक काही कामाचे नाहीत, तडक डॉक्टर गाठायचा. एका रात्रीत पाय गेले तर आधी पडल्याचा, कण्याच्या इजेचा संशय घ्यायचा. दीड-दोन वर्षांनंतर हळूहळू येतो तो म्हातारपणाचा ऱ्हास. तो नरांत जास्त दिसतो. त्यात कण्यातून निघणाऱ्या नसांच्या मुळांवरचं मायलिनचं आवरण झिजतं. ते कुठल्याही तेलाने किंवा गोळीने भरून येत नाही. म्हणून खालच्या प्रत्येक उपायाला एकच प्रश्न विचारला आहे : उरलेली ताकद यामुळे जास्त दिवस टिकते का?

मोजणी

नुसत्या नजरेवर भरवसा नको. नवा उपाय सुरू केला की चाल सुधारल्यासारखी वाटतेच. मणक्याला इजा झालेल्या उंदरांची चाल जोखायला प्रयोगशाळांत बॅसो, बीटी आणि ब्रेस्नहन यांची १९९५ची ० ते २१ गुणांची पट्टी वापरतात. घरी ती नीट जमत नाही, कारण सराव झालेली दोन माणसं लागतात. ठशांची पद्धत जमते.

दोन जाड पुस्तकांच्या रांगांमध्ये १० सेंमी रुंद, ६० सेंमी लांब बोळ. तळाला कोरा कागद, शेवटाला अंधारा खोका आणि त्यात खाऊ. मागच्या तळव्यांना कापसाने बिटाचा घट्ट रस लावायचा. पातळ रस पसरतो आणि बोटं वेगळी दिसत नाहीत. पहिले आणि शेवटचे ठसे सोडून मधले तीन घ्यायचे, आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचं अंतर मोजायचं. नस कमजोर झाली की बोटं फाकत नाहीत, हे अंतर घटतं आणि ठसा लांबट होतो. उंदीर मध्येच थांबला तर तिथला ठसाही लांबट येतो, तो बाद. बोटांची वरची बाजू घासल्याची रेघ उठली, तर पंजा दुमडून पडतोय असं समजावं.

आजचं अंतर : उजवा १८ मिमी, डावा १३.

आठवडा १ : पिंजरा

वरचे मजले काढले. तळाला प्लास्टिकच्या शीटवर दुहेरी फ्लीस. जाळीचा तळ अजिबात नको, लुळी बोटं अडकतात आणि टाचेला जखम होऊन फोड पिकतो. झोळी जमिनीपासून ५ सेंमीवर, शी-शूच्या मातीच्या पेटीची पुढची कड २ सेंमीपर्यंत कापून घासलेली. पाण्याच्या बाटलीचं टोक चार पायांवर उभं असताना पोचेल इतकं खाली. हे विसरलं तर उंदीर पाणी कमी पितो आणि दोष पायांना जातो.

डॉक्टरांच्या सल्ल्याने पाच दिवस मेलॉक्सिकॅम, म्हणजे वेदना आणि सूज कमी करणारं औषध. डोस वजनावरून त्यांनीच ठरवला. यामागचा हेतू साधा. औषधाने चाल सुधारली, तर सांधेदुखीही सोबत आहे. इथे फरक पडला नाही. स्टेरॉइड चालू असेल तर हे औषध सोबत देऊ नये, आतड्यात व्रण होतात. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर अंदाजाने मुळीच नकोत.

आठवडा २ ते ४ : मालिश आणि पाय हलवणं

कोरड्या हाताने, दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं. उंदीर मांडीवर फ्लीसमध्ये. अंगठ्याच्या मांसल भागाने मांडीपासून घोट्यापर्यंत, दाब एका नाण्याच्या वजनाएवढाच. मग खुबा, गुडघा, घोटा, प्रत्येक सांधा ८-१० वेळा सावकाश वाकवून सरळ, आणि शेवटी बोटं एकेक करून फाकवायची. पाय ओढून घेतला तर त्या वेळेपुरतं थांबायचं.

तेलाबद्दल स्पष्ट सांगायला हवं, कारण आपल्याकडे मालिश म्हटलं की हात आधी तेलाच्या बाटलीकडे जातो. सांधेदुखीच्या पुष्कळ तेलांत आणि मलमांत कापूर, गंधपुरा, निलगिरी असतं. उंदीर लावलेलं सगळं चाटतो आणि त्याला ओकता येत नाही. कापराने झटके येतात. उग्र वासाने छातीही बिघडते, आणि पाळीव उंदरांची फुप्फुसं मायकोप्लाझ्मा या जिवाणूमुळे आधीच नाजूक असतात. झिंकची मलमंही याच कारणासाठी वर्ज्य. कातडी फारच कोरडी असेल तर खोबरेल तेलाचा एक थेंब पुरे.

चौथ्या आठवड्याअखेर अंतर १८ आणि १३. वजन ५६६. मूळ खाद्य १५ ग्रॅम मोजून आणि बिया बंद, एवढ्यानेच वजन उतरलं. कमजोर पायांवरचा हा भार हलका करणं कुठल्याही पूरक गोळीपेक्षा मोलाचं आहे.

आठवडा ५ ते ७ : कोमट पाण्यातली चाल

सगळ्यांत जास्त वेळ या उपायाला दिला, आणि तो सार्थकी लागला. टबाच्या तळाला रबरी चटई, पाणी ३५ अंश, थर्मामीटरने मोजून. खोली पोट जेमतेम तरंगेल आणि मागची बोटं टेकतील इतकीच, म्हणजे पाणी अंग उचलतं आणि पाऊल मात्र टाकावं लागतं. पोटाखाली ३ सेंमी रुंद मऊ पट्टी. नराच्या बाबतीत ती बरगड्यांमागेच ठेवायची, खाली सरकू द्यायची नाही. सुरुवात दोन मिनिटांनी, सातव्या आठवड्यात चार, एक दिवसाआड.

एक खूण लक्षात ठेवावी. धडधाकट उंदीर पोहताना पुढचे पंजे हनुवटीखाली दुमडून धरतो आणि मागच्या पायांनीच रेटतो. पुढचे पंजे पाणी मारू लागले की मागचे थकले. घड्याळात एक मिनिट उरलं असलं तरी त्या क्षणी बाहेर. नंतर मुळापर्यंत कोरडं करून २० मिनिटं उबेत. ओला ठेवला तर गारठतो. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून पिंजऱ्याच्या अर्ध्याच भागात ठेवायची, कारण सरकता न येणारा उंदीर तिथेच भाजतो.

सातव्या आठवड्यात १७ आणि १३, वजन ५५८. बोटं घासल्याची रेघ मात्र सहापैकी दोनच ठशांत, आधी चारांत होती.

बाकीचे उपाय

मिथिलकोबालामिन (बी-१२ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) : नुकसान दिसलं नाही, फायदाही दाखवता येत नाही. एक मुद्दा विचारात घ्यावा. उंदीर स्वतःची लेंडी खाऊन बी-१२ मिळवतात, आणि कमरेतून वाकता न येणाऱ्याला ते जमत नाही. म्हणून चांगलं गोळीखाद्य चुकवू नये. हळद : मिऱ्यासोबत तर नकोच, मिऱ्यातला पायपरिन इतर औषधांच्या पचनात ढवळाढवळ करतो. होमिओपॅथीच्या गोळ्या : साखर. त्यांच्यापायी वेदनाशामक लांबवणं हा प्राण्यावर अन्याय आहे. लेझरचा शेक : प्रशिक्षित हाताकडूनच, आणि गाठ असलेल्या जागेवर कधीच नाही.

आठवडा १० : आजची स्थिती

१६ आणि ११. उतरण सुरू झाली आहे. मागचा भाग मुताने ओला राहतो, म्हणून दिवसातून दोनदा कोमट पाण्याने पुसून कोरडं करणं सुरू. आठवड्यातून एकदा लिंगाची त्वचा मागे सारून साचलेला घट्ट खडा निघतो का पाहायचं. नर वाकून स्वतःला साफ करू शकला नाही की हा अडकतो आणि लघवी तुंबते. मागची नखं झिजत नाहीत, टोक १ मिमी कापायचं.

कानही साचतात, कारण खाजवायला मागचा पाय पोचत नाही. कानामागे बोटाने खाजवलं की तो पाय हवेतच भराभर हलतो. पाण्यातला वेळ परत दोन मिनिटांवर आणला आहे. पुढचे पंजे पहिल्याच मिनिटात पाणी मारू लागले, तर टब कायमचा बंद. कान खाजवणं रोज तीनदा, ते चालूच राहील.